जुना डोमेन सर्व्हर बदलताना: विंडोज २०२२ की सांबा?

पंचवीस-तीस कॉम्प्युटरचं ऑफिस, डोमेन (सगळ्यांचे लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) अजून विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर, आणि पुढे काय घ्यावं ते ठरत नाही. त्या आवृत्तीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, त्यामुळे आणखी ढकलू नका.

खर्चात सांबा (लिनक्सवर चालणारं, डोमेन सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर) सरळ जिंकतो, लायसन्सचे पैसेच नाहीत. विंडोजला सर्व्हरचं लायसन्स वेगळं आणि दर माणसामागे किंवा मशीनमागे कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) वेगळं. कोटेशनमध्ये ते आहे का, आधी बघा.

मेहनत मात्र विंडोजला कमी. २०२२ जुन्याशेजारी उभा करा, पाचही एफएसएमओ रोल (डोमेनमध्ये एकाच सर्व्हरकडे असणारी खास कामं) त्यावर हलवा, डीएचसीपीमधला (कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदला. (हाच राहून जातो, मग जुना सर्व्हर बंद केला की लॉगिनच्या तक्रारी सुरू.) थेट २०२५ वर उडी जमणार नाही: त्याला डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या पातळीवर चालतंय ते) किमान २०१६ लागते, २०१२ आर२ तिथवर पोचत नाही.

सांबात युजर-पासवर्ड येतात, पण दोन सर्व्हर ठेवले तर सिसव्हॉल (डोमेनच्या पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट ठेवणारं फोल्डर) आपोआप सिंक होत नाही. आरसिंकची (फायली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी करणारं साधन) स्क्रिप्ट आपणच लावायची.

नुसतं लॉगिन आणि शेअर फोल्डर हवेत, लिनक्स जाणणारा माणूस पगारावर आहे, तर सांबा. ऑफिसात एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर) असेल किंवा सगळी भिस्त बाहेरच्या एएमसीवाल्यावर (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणाऱ्यावर) असेल, तर २०२२च.