वाडीचं काम कोणाच्या हाती द्यावं? मंडळ, नोंदणी, ग्रामसभा आणि बचत गट

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, बसली होती. मुंबईहून आलेली वाडीतली तीन-चार पोरं माझ्याजवळ येऊन टेकली. "काका, आपण मंडळ रजिस्टर करून टाकूया. रजिस्टर नाही म्हणून आपल्याला निधी मिळत नाही." मी बारा वर्षं वाडीच्या वर्गणीची वही लिहितोय. पोरांची तळमळ खरी आहे, आणि हा प्रश्न आमच्या एकट्याच्या वाडीचाही नाही. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर, कुठेही वाडीच्या बैठकीला बसा, हा विषय निघतोच. पालखी उठायच्या आत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून काढलं.

आपल्याकडे पर्याय चार. वाडीचं मंडळ आहे तसंच, नोंदणीशिवाय चालवायचं. तेच मंडळ नोंदवायचं. मंडळ बाजूला ठेवून काम ग्रामसभेतून ग्रामपंचायतीकडे न्यायचं. किंवा गावातल्या महिला बचत गटांच्या आणि त्या गटांच्या मिळून झालेल्या ग्रामसंघाच्या हाती द्यायचं. चारही ठिकाणी माणसं बरीचशी तीच असतात, म्हणून फरक पटकन दिसत नाही. मी पारख करताना आधी एक गोष्ट विचारतो: मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर या कामाकडे बघायला गावात कोण असणार? मुंबईकर गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात येतात. साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, कठडा मात्र जुलैत निखळतो आणि पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ श्रावणात चढतं.

मंडळ, आहे तसं

याचं बळ कोणी कमी लेखू नये. घरटी वर्गणी ठरली की ती येते, कारण न देणाऱ्याला उद्या त्याच सहाणेवर उभं राहायचं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्याकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, रस्ते झाडांनी बंद झाले. कोणाच्या आदेशाची वाट न बघता वाडीतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडली आणि वाट मोकळी केली. त्या दिवशी कुणी ठराव मागितला नाही. एकच मागणी घेऊन लढायचं असेल तरीही अशी सैल बांधणी चालते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी बचाव समिती उभी केली, वाशिष्ठी नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं, आणि गाळ उपसायला सुरुवात झाली.

मंडळ कमी पडतं ते पैशाच्या आणि जागेच्या बाबतीत. नोंदणी नसली की मंडळाच्या नावाने बँकेत खातं निघणं कठीण. मग दोघा विश्वासू माणसांच्या जॉइंट खात्यावर वाडीचे पैसे राहतात. आमच्याकडे तसंच होतं. त्यातले एक जण वारले, आणि विहिरीच्या कठड्यासाठी साठवलेले पैसे सुटायला पूर्ण उन्हाळा गेला. त्यांच्या घरच्यांनी एका शब्दाने अडवणूक केली नाही. कागदच तसे होते. दुसरं, मंडळ कोणाच्या जमिनीतून वाट काढू शकत नाही. आज मालक हो म्हणतो, उद्या त्याचा पुतण्या गडगा घालतो. अशा वेळी मंडळाच्या इतिवृत्ताला काही वजन नसतं.

नोंदणी केली तर

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदली जाते, म्हणजे ती धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते. फायदा स्पष्ट आहे. संस्थेच्या नावाने खातं, पॅन, स्वतःची मालमत्ता. माणसं बदलली तरी संस्था तीच.

त्यानंतर जे करावं लागतं ते मात्र पोरांना कोणी सांगितलेलं नसतं. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन सादर करायचे. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. जमीन-इमारत विकायची झाली तर आधी परवानगी. मी पाहिलेल्या बहुतेक वाडीमंडळांचं घोडं बदल अर्जावर अडलेलं आहे. गावात निवडणूक होते, नवीन अध्यक्षाला नारळ दिला जातो, पण कागदावर वीस वर्षांपूर्वीचीच समिती राहते. त्यातले निम्मे हयात नसतात. मग बँक परिशिष्ट-१ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागते आणि सगळं ठप्प होतं. हे निस्तरायला पुन्हा वकील, पुन्हा वर्गणी.

आणि "रजिस्टर केलं की निधी येतो" हे तर खरं नाहीच. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी संस्थेला आयकर खात्याची १२ ए आणि ८० जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी लागते, सीएसआर-१ ची वेगळी नोंदणी लागते, आणि अशा कामाचा साधारण तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आज नोंदवलेल्या मंडळाला पुढच्या शिमग्यापर्यंत त्यातून पैसा मिळणार नाही. नुसती उत्सवाची किंवा आपत्तीची वर्गणी गोळा करायची असेल, तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घेता येते. त्यासाठी कायमची संस्था उभी करायची गरज नाही.

नोंदणी मी कोणाला सुचवीन? ज्या वाडीला कोणी जमीन बक्षीस दिली आहे आणि तिथे समाजमंदिर किंवा वाचनालय उभं करायचं आहे. ज्यांना रुग्णवाहिकेसारखी वस्तू मंडळाच्या नावावर घ्यायची आहे. आणि ज्यांच्याकडे गावातच राहणारा, कागद वेळेवर करणारा एक तरी माणूस आहे. ही शेवटची अट मी सोडणार नाही. सचिव डोंबिवलीला आणि वही दापोलीला, अशाने संस्था चालत नाही.

ग्रामसभा

इथे जरा थांबून सांगतो, कारण वाडीतली सर्वांत जास्त नाराजी ग्रामपंचायतीबद्दल असते आणि सर्वांत कमी माहितीही तिथलीच असते.

आमच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव हवा होता. वर्षानुवर्षं मंडळ पोफळीची खोडं टाकून तो बांधायचं आणि एखाद्या मोठ्या पावसात तो वाहून जायचा. पक्का साकव बांधायला मुंबईकरांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. पण दोन्ही काठांचा सातबारा सामायिक, त्यावर चार पिढ्यांची नावं, निम्मे सहहिस्सेदार मुंबई-ठाण्यात. उद्या कुणी हरकत घेतली असती तर वाडीचे पैसे पाण्यात गेले असते. मंडळाच्या मार्गाने या अडचणीतून वाट नव्हती. ग्रामपंचायतीच्या मार्गाने होती: सहहिस्सेदारांची संमतीपत्रं घ्यायची, ग्रामसभेत ठराव करायचा, वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे आपण म्हणतो तशी "२३ नंबरला" लावायची, आणि मग निधी मागायचा. एकदा वाट त्या वहीत चढली की ती सगळ्या गावाची होते. दुरुस्तीसाठी पुढच्या पिढीने कोणाकडे जायचं हेही ठरून जातं.

निधीचं गणित समजून घेतलं तर निम्मी भांडणं टळतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. गावाच्या इतर गरजांसाठी राहायचा तो ४० टक्के. त्यातून साकवासारखं मोठं काम लहान ग्रामपंचायतीला पेलत नाही. साकवाला जिल्हा नियोजनच्या निधीतून पैसे मिळतात, रस्ता-पाखाडीसाठी ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे निधीचं खातं, आहे, स्मशानशेडसाठी जनसुविधा योजना. या सगळ्यांसाठी ग्रामसभेचा ठराव आणि जागेचे कागद लागतात. सरपंचांना "आमच्या वाडीला काहीच देत नाही" म्हणण्याआधी आपण कुठल्या खात्यातून काय मागतोय हे विचारावं. मीसुद्धा हे उशिरा शिकलो.

खोट आहे ती वेळेची. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी हवी. कोकणातल्या कित्येक गावांत मतदार यादीतली नावं गावात आणि माणसं मुंबईत, म्हणून सभा तहकूब होते. १ मेला गर्दी असते, चाकरमानी तावातावाने बोलतात. पण पुढच्या वर्षाचा आराखडा, "आमचा गाव, आमचा विकास", प्रामुख्याने ऑक्टोबरपासून पुढे आकाराला येतो, आणि तेव्हा मुंबईकर गणपती आटपून परतलेले असतात. मेमध्ये बोललेलं ऑक्टोबरमध्ये कागदावर उतरवायला वाडीतलं कोणी गेलं नाही, तर ते काम आराखड्यात येत नाही. आमचा साकव एका वर्षी असाच मागे राहिला. दोष आमचा होता.

वेग लागत असेल तर ग्रामसभा निवडू नका. पण जागेचा प्रश्न असेल, काम कायमचं असेल, रक्कम मोठी असेल, तर दुसरा मार्ग मला माहीत नाही.

बचत गट

हा पर्याय पोरांच्या यादीत नव्हताच. तो असायला हवा होता, कारण बाराही महिने गावात असणारी सर्वांत बांधलेली रचना हीच आहे. उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांची आठवड्याला बैठक होते, दर बैठकीला बचत, दर बैठकीला हिशेब. आमच्या मंडळाची बैठक वर्षातून दोनदा होते.

फरक कुठे पडतो ते वनराई बंधाऱ्यावरून सांगतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवते, कारण जांभ्यातून आणि उतारावरून पाणी झरझर समुद्राला जातं. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून पऱ्या अडवला, तर आसपासच्या विहिरींना पाणी जास्त दिवस टिकतं. खर्च जवळजवळ नाही. लागतात दहा-पंधरा माणसं आणि एक दिवस. पण तो दिवस नेमका भातकापणी उरकल्यावर आणि पऱ्याची धार बारीक व्हायच्या आत यावा लागतो. त्या वेळी मंडळातले निम्मे लोक इथे नसतात. दोन वर्षं आमचा बंधारा "बघू, पुढच्या रविवारी" करत राहून गेला. तिसऱ्या वर्षी गटातल्या बायकांनी बैठकीत दिवस ठरवला आणि त्याच दिवशी बंधारा झाला. मिरगाच्या आधी पिशव्या काढून घेण्याचं कामही त्यांनीच लक्षात ठेवलं, नाहीतर ते सगळं प्लास्टिक खाडीत जातं.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या महिला पर्यटकांना कांदळवन दाखवायला होडीतून नेतात. जपणूक आणि मिळकत एकाच कामात आली. आमच्या शेजारी, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवं जपायचं काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं, आणि पुढे गावाने घराघरांत पाहुणे ठेवून ते आपलंसं केलं. तिथेही पाहुण्यांचं जेवणखाण, राहणं सांभाळलं ते घरातल्या बायकांनी. नोंदणीकृत संस्थेचा अनुभव आणि गावात राहणारे हात एकत्र आले की काय होतं, हे बघायला मंडणगडला जाऊन यावं. दापोलीहून लांब नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. बायका नीट करतात म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलू नका. लावणी त्याच करतात, पाणी त्याच भरतात, काजू-आंब्याच्या दिवसांत बागेतही त्याच असतात. सुका कचरा गोळा करायचं काम गटाला द्यायचं असेल, तर ग्रामपंचायतीने ठराव करून मानधन द्यावं. फुकटचं श्रमदान वर्षातून दोन दिवस शोभतं, दर आठवड्याला नाही. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती खरोखर होते का, हे वाडीतल्या पुरुषांनीही विचारावं.

मग आमच्या वाडीत काय ठरलं

पोरांना मी नोंदणीला आत्ता नको म्हटलं. आमच्याकडे मंडळाच्या नावाने घ्यायची मालमत्ता नाही, आणि दरवर्षी कागद करणारा माणूस म्हणजे मीच, वय एकसष्ट. वर्गणी, पाखाडीची डागडुजी आणि आगोटीच्या आधीची विहीर साफसफाई मंडळाकडेच राहील. फक्त खात्यावर आता तिसरं नाव घातलंय, गावातच राहणाऱ्या एका तरुणाचं, आणि हिशेबाचं पान दर महिन्याला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरलंय. बंधारा आणि सुका कचरा गटांकडे. कचऱ्याच्या मानधनाचा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून अर्ज दिला आहे. साकव ग्रामपंचायतीकडे.

मुंबईकर पोरांना त्यांच्याच हातचं काम दिलंय. साकवाच्या संमतीपत्रावर अजून सात सह्या बाकी आहेत. त्यातल्या दोन नालासोपाऱ्याला, तीन भांडुपला, एक कळव्याला, आणि एक आमच्याच वाडीतल्या घरातली, जिथे गेली पाच वर्षं बोलाचाली नाही. भांडुपच्या तिन्ही सह्या १ मेच्या आत आणतो असं त्यांनी कबूल केलंय. वाडीतल्या त्या घरी मी स्वतः जाणार आहे.