पॉलिसीची पीडीएफ मी उघडलीच नाही

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान घेऊन निघालो होतो. फर्मागुडीच्या उतारावर धो धो पाऊस. मागच्या सीटवरचा सुपारीचा घोस खाली घरंगळला म्हणून मान वळवली, तेवढ्यात पुढच्या पिकअपला मागून ठोकलं. चूक शंभर टक्के माझी. त्याच्या टेललाइटचे पैसे तिथेच देऊन मिटवलं. माझ्या गाडीचा बंपर, बॉनेट आणि रेडिएटर मिळून ३१,००० रुपये झाले, ते विम्यातून घेतले.

पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता. तो आता शून्य होणार, हे मला ठाऊक होतं. बऱ्याच जणांना वाटतं, चूक समोरच्याची असली तर बोनस वाचतो. तसं नसतं. चूक कोणाची हा प्रश्नच नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले की साधारणपणे बोनस गेला. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ करत ५० वर यायला क्लेमशिवायची पाच वर्षं. ही सूटही फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या, हप्त्यावर नाही. माझा तो हप्ता ९,००० होता, म्हणजे पाच नूतनीकरणांत मिळून, जीएसटी सोडून, ११,२५० चा फटका. ३१,००० च्या बिलापुढे परवडला. सात-आठ हजारांच्या ओरखड्यासाठी मात्र मी क्लेम केला नसता.

ऑक्टोबरात एजंट घरी आला. ओळखीतलाच माणूस, आमच्याकडे चवथीला आरतीलाही येऊन गेलेला. म्हणाला, "बोनस गेला, आता पूर्ण भरावे लागतील. दुसऱ्या कंपनीत करतो, तिथे सर्व्हिस चांगली." ९,००० अधिक थर्ड पार्टीचे ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी; १४,६५१. हिशेब मी स्वतः मांडून बघितला, बरोबर आला. मग म्हणाला, "साइट अडकते आहे, मी माझ्या कार्डाने भरतो, तुम्ही मला रोख द्या." दिले. मोबाइलवर ओटीपी आला, तोही वाचून दाखवला. पीडीएफ आली, ती व्हॉट्सअॅपवर तशीच पडून राहिली.

जूनच्या वादळात अंगणातल्या आंब्याची फांदी गाडीवर पडली. टप चेपलं, पुढची काच गेली, खर्च ६२,०००. सर्व्हेअर फोटो काढून गेला आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं: मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असूनही तुम्ही ५० टक्के बोनस घेतलात, चुकीचं घोषणापत्र दिलंत, सबब स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही.

तेव्हा कुठे पीडीएफ उघडली. पहिल्याच पानावर, नो क्लेम बोनस ५० टक्के. भरलेली रक्कम ९,३४१. माझ्याकडून १४,६५१ घेऊन त्याने फॉर्मवर "मागील वर्षी क्लेम नाही" असं ठोकून दिलं होतं आणि मधले ५,३१० खिशात घातले होते. तो ओटीपी म्हणजे त्या घोषणेखालची माझी सही.

कंपनीला मी लिहिलं की जुन्या कंपनीकडे चौकशी करणं तुमचंही काम होतं. उत्तर आलं, घोषणापत्र तुमचं आहे. आता विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. फी लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. रोख दिल्याची पावती नाही, ही माझी दुखरी बाजू. ऑक्टोबरातच ते पान वाचलं असतं, तर कंपनीला कळवून, फरक भरून पॉलिसी दुरुस्त करून घेता आली असती. तुमच्या मोबाइलवर अशी न उघडलेली पॉलिसी असेल तर बोनसची ओळ आणि भरलेली रक्कम आधी बघा.

एजंटला फोन केला तर म्हणाला, "कांय भिवपाचें ना, कंपनीची चूक आसतली." घाबरायचं काही नाही, कंपनीची चूक असेल, असं. माझ्या गाडीचं काय झालं एवढंच मी त्याला सांगितलं, पैशांचा विषय काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचा मेसेज आला. त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात ५,३१० रुपये जमा.