भाड्याचा एअर बेड: एक वाईट गादी, एक बरी गादी

सासूबाईंसाठीची ही पंपानं फुगणारी गादी आमच्या घरात पितृपक्षात आली, आणि नवी न घेता भाड्याने आली तीही पितृपक्षामुळेच. नणंद म्हणाल्या, या पंधरवड्यात नवी वस्तू घरात नको, त्यातून आजारपणाची तर नकोच. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. शिवाय नवीन गादी पंपासकट साडेतीन-चार हजारांना सांगत होते आणि आमचे सगळे पैसे हॉस्पिटलात गेले होते. म्हणून भाड्याने. ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय आणि कुणीतरी ‘एअर बेड घ्या’ एवढंच सांगून मोकळं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला त्या दिवसांत हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६, साखर वीस वर्षांपासून. पहाटे पाचला बाथरूममध्ये पाय सरकला आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशन करून खुब्यातला गोळा बदलला. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करू, आणि केलंही. पण तिसऱ्या दिवशी त्या भलतंच बोलायला लागल्या. मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होत्या. ती बहीण जाऊन अकरा वर्षं झाली. रक्त तपासलं तर सोडियम ११८, म्हणजे फारच कमी. म्हातारपणी असं अचानक घसरतं आणि माणूस भरकटतो, हे मला तेव्हा कळलं. सोडियम हळूहळू वर आणावं लागतं, घाई करून चालत नाही. त्यात चालणं थांबलं ते थांबलंच. घरी आणलं तेव्हा त्या स्वतःहून कूससुद्धा बदलू शकत नव्हत्या.

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. जुनं छोटं घर, वर चढवलेला मजला, समोर जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली. त्या आठवड्यात गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली होती. अ‍ॅम्ब्युलन्स चौकातच थांबली आणि तिथून आईंना स्ट्रेचरवरून चिखलातून आणलं. ह्यांची अंबडच्या कंपनीत रात्रपाळी होती, सुट्ट्या आधीच संपल्या होत्या. मुलगी बारावीला. मी घरी ब्लाऊज शिवते आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. नऊ रंगांचे मिळून ३४ ब्लाऊज कापून पडले होते, आगाऊ पैसे घेतलेले. आणि त्याच संध्याकाळी फ्रिज बंद पडला. आईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्यात होत्या. न फोडलेल्या दोन बाटल्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या, दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. चालू बाटली माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवली. फ्रिज दुरुस्तीवाला चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत मी किती वेळा त्या डब्याला हात लावून पाहिला असेल!

पहिली गादी फोनवर ठरवली. भाडं महिन्याला ८०० आणि अनामत २,०००. माणूस आला, पिशवी दारात ठेवली, ‘पंप लावा, फुगेल’ म्हणाला, पैसे घेतले, गेला. वजन किती, कशासाठी हवी, घरात पलंग आहे का, एक प्रश्न विचारला नाही. फुग्याफुग्यांची पिवळट रेक्झिनची गादी होती. पंप लावला, फुगली, मलाही बरं वाटलं.

रात्री तीनला डायपर बदलायला उठले आणि आईंच्या कमरेखाली हात घातला. हाताला खालची फळी लागली. गादी पार बसली होती. पंप चालू होता, गुणगुणत होता, दिवाही लागलेला. किती तास त्या अशा फळीवर पडून होत्या मला माहीत नाही. त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना सांगता येत नव्हतं.

सकाळी उजेडात पाहिलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. आयुष्यभर कापड बोटांनी पारखत आले, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी सांगितलं होतं, लाली बोटानं दाबायची, सोडल्यावर क्षणभर पांढरी पडली तर ठीक, नाही पडली तर तो बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणारी जखम, सुरू झाला समजायचं. मी दाबलं. पांढरी पडली नाही. आणखी एकदा दाबलं, तशीच. त्या पलंगापाशी खाली बसून मी रडले. नऊ दिवस हॉस्पिटलात पाठीला ओरखडा नव्हता आणि माझ्या घरात पहिल्याच रात्री हे झालं.

दुकानात फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, तुमच्याकडे शिलाईचं काम आहे ना, तुमचीच सुई लागली असेल. अनामत मिळणार नाही.’ माझं मशीन वरच्या मजल्यावर आहे. खालच्या खोलीत मी टाचणीसुद्धा आणत नाही. मुलीनं साबणाचं पाणी लावून भोक शोधलं, तर ते जुन्या ठिगळाच्या कडेला होतं. ठिगळ सुटलं होतं. म्हणजे गादी आमच्याकडे पंक्चर होऊनच आली होती. फोटो पाठवले, उत्तर नाही. २,००० गेले. त्या महिन्यात २,००० रुपये म्हणजे आमच्यासाठी काय होतं ते मी सांगू शकत नाही.

दुसरी गादी सिव्हिलच्या बाजूच्या एका लहान दुकानातून मिळाली, शेजारच्या काकूंच्या ओळखीनं. भाडं ९००, अनामत १,५००. दुकानाचं नाव देत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाशी भांडायचंही नाही. तिथून विशी-बाविशीचा एक मुलगा आला. पहिला प्रश्न, ‘ताई, आजींचं वजन किती?’ मी म्हटलं, ४८. त्यानं पंपाची चकती त्याप्रमाणे फिरवली. मग सांगितलं की कडक फुगवली म्हणजे चांगलं असं नसतं, उलट कडक गादीचा दाब हाडांवरच येतो. आधीची गादी फळीवर टाकली होती ते पाहून तो जरा रागावलाच. ही गादी साध्या कापसाच्या गादीवर टाकायची असते, एकटी नाही. फुगे वर, नळ्या पायाकडे, आणि नळी कुठे दुमडलेली नाही ना ते बघायचं. वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. मी चादर खेचून चारी कोपरे गादीखाली घट्ट खोचले होते, शिवणाऱ्या बाईला सुरकुती सहन होत नाही. त्यानं ते कोपरे सोडवले. चादर ताणली की फुगे वर-खाली होतात त्याचा उपयोगच राहत नाही.

मग त्यानं मला हात घालून बघायला लावलं, आणि हीच गोष्ट पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर तो डाग पडला नसता. पेशंट झोपलेला असताना कापसाची गादी आणि एअरची गादी यांच्या मध्ये, बरोबर माकडहाडाच्या खाली, तळहात उताणा सरकवायचा. वर निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. मी आता हे सकाळी, दुपारी, झोपताना आणि रात्री उठेन तेव्हा करते. हात तसाच ठेवला तर फुग्यांची एक रांग भरताना आणि शेजारची ओसरताना कळते. आमच्या पंपाला एक फेरा पुरा व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. अंगाखालचा दाब एकाच जागी राहू नये यासाठीच ती गादी असते, बाकी तिच्यात जादू नाही.

म्हणूनच एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. डॉक्टरांनी आम्हाला दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली, गादी असली तरी. डावी, पाठ, पुन्हा डावी, आणि कुशीवर वळवताना दोन्ही पायांमध्ये जाड उशी, कारण बदललेला गोळा निसटायला नको. ओढायचं नाही, आडव्या चादरीनं दोघींनी उचलून सरकवायचं, ओढलं की कातडी घासते. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. डोक्याकडून फार उंच बसवलं की अंग खाली घसरतं आणि माकडहाड घासतं, म्हणून जेवणापुरतंच उंच. नणंदेनं सिन्नरहून खोबरेल तेल आणलं होतं, डागावर चोळायला. दुसऱ्या एका नातेवाइकांनी मधे भोक असलेली रबरी रिंग आणली. दोन्ही प्रेमानं आणलेलं. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं. लाल जागा चोळायची नाही, आणि रिंगमुळे भोवतीचा रक्तपुरवठा दबतो. नणंदेला वाईट वाटलं, मलाही तिच्यासाठी वाईट वाटलं.

रात्री ह्यांची पाळी असली की मी आणि मुलगी. अकरा, एक, तीन, पाच. मधल्या वेळात मी ब्लाऊज शिवत होते. मुलगी रसायनशास्त्राचं पुस्तक आजीच्या उशाशी ठेवून वाचायची आणि गजर झाला की एक शब्द न बोलता चादरीचं टोक धरायची. तिला या वर्षी हे बघायला लागावं, असं मला वाटत नव्हतं.

त्यातच एका शनिवारी देखभालीसाठी सकाळी नऊपासून वीज बंद. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. पण त्या मुलानं दाखवून ठेवलं होतं: वीज गेली की पंपाकडच्या दोन्ही नळ्या काढायच्या, दुमडायच्या आणि चिमटा लावून बंद करायच्या, म्हणजे हवा काही तास टिकते. मी कपड्याचे चिमटे लावले. अकरा वाजता हात घालून पाहिलं तर गादी थोडी मऊ झाली होती, म्हणून शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. पंपाला झिरोच्या बल्बपेक्षा जास्त वीज लागत नाही, त्यामुळे मागताना संकोच करू नका. वीज दुपारी अडीचला आली.

या दुसऱ्या गादीतही खोड्या आहेतच. रेक्झिन तापतं. पितृपक्ष संपला आणि नाशिकला ऑक्टोबरचं ऊन लागायला लागलं तशी आईंची पाठ घामानं चिंब व्हायची. दिवसातून तीनदा चादर बदलली आणि पाठ टिपून कोरडी ठेवली, तेवढाच उपाय. वायर आखूड आहे, एक्स्टेंशन घ्यावं लागलं. पंप पलंगाच्या पायथ्याला अडकवायचा आकडा प्लास्टिकचा, दोनदा निसटून पंप जमिनीवर पडला. खाली ठेवलात तर धूळ ओढतो, म्हणून मी जुन्या साडीच्या पट्टीनं बांधून टाकला. सोबतचा कागद इंग्रजीत आणि चिनीत, मराठीत एक ओळ नाही. ही गादी घरोघर वापरतात त्या बायाच, सुना आणि लेकी. त्यांना वाचता येईल असं दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

आणि पैशांचं सांगायचं तर गादी, पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची यांतलं काहीच आमच्या मेडिक्लेममध्ये बसलं नाही. चारींचं भाडं मिळून महिन्याला ४,१००.

माझं मत विचाराल तर पहिल्या गादीला शून्य. दुसऱ्या गादीला पाचपैकी साडेतीन, आणि ती बसवून देणाऱ्या मुलाला पाचपैकी पाच. भाड्यानं घेताना गादी तुमच्यासमोर पूर्ण फुगवून, तासभर ठेवून, साबणाचं पाणी लावून बघा. ठिगळं मोजा आणि फोटो काढा, मगच अनामत द्या. दारात पिशवी ठेवून जाणाऱ्याला परत पाठवा.

आईंचं सोडियम आता १३६ आहे. सातव्या माळेला सकाळी त्या डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘अगं, कालिकेला कोणी गेलं का आज?’ दर नवरात्रात पहाटे त्या कालिका मंदिरात पायी जातात. मी म्हटलं, ‘आई, तुम्ही बऱ्या व्हा, मग आपण दोघी जाऊ.’ त्या म्हणाल्या, ‘रिक्षानं.’ ह्यांना फोन करून सांगितलं तर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

आता त्या वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. ३४ पैकी ५ ब्लाऊज वेळेत देता आले नाहीत, त्यांचे पैसे परत केले. गादी आणखी एक महिना ठेवलीय. डाग अजून आहे, फिकट, पण काल सकाळी बोटानं दाबला तर पांढरा पडला आणि पुन्हा हळूहळू गुलाबी झाला.