बसून चालवायचं फ्लोअर स्क्रबर मशीन, दीड वर्ष रोज वापरल्यावर सांगते

आमच्या गोडाऊनला हे मशीन येऊन दीड वर्ष झालं, रोज दोन शिफ्ट चालतं, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घ्यायच्या आधी मी जे जे रिव्ह्यू वाचले त्यात सगळे तासाला किती फरशी होते आणि बॅटरी किती पुरते एवढंच सांगत होते. ते पाहिजेच. पण शेजारून फोर्कलिफ्ट जातेय, पिकिंगवाली, म्हणजे ऑर्डरचा माल रॅकमधून काढणारी पोरं चालतायत आणि त्यातच हे मशीन फिरतंय, तर कुणाला लागणार नाही ना, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी हाउसकीपिंग बघते, मशीनवर बसणारी चार माणसं माझ्या हाताखाली आहेत, त्यामुळे माझा पहिला प्रश्न तोच होता.

सफाईबद्दल थोडक्यात, काम छान करतं. खाली दोन गोल ब्रश, मागे स्क्वीजी म्हणजे ती रबराची वाकडी पट्टी, घाण पाणी तिथे गोळा होतं आणि व्हॅक्यूम ते ओढून टाकीत घेतो. सरळ चालवलं तर मागची फरशी जवळपास कोरडी मिळते. मॉपने हे कधीच जमलं नसतं.

आता मुद्द्याचं. मशीन दिसायला छोटंसं, गोल गोल, त्यामुळे नवीन माणसाला त्याची भीतीच वाटत नाही आणि तिथेच चूक होते. आमची पाण्याची टाकी १०० लिटरची आहे, म्हणजे नुसतं पाणीच १०० किलो, वर बॅटऱ्या, वर चालवणारा, सगळं धरून अर्ध्या टनाच्या आसपास जातं. स्पीड जास्तीत जास्त तासाला ६ किलोमीटर, ऐकायला काहीच नाही, पण सेकंदाला दीड मीटरच्या वर होतो तो, म्हणजे रॅकच्या आडून कुणी अचानक समोर आलं आणि ब्रेक सुचायला एक सेकंद गेला तर मशीन दीड मीटर पुढे गेलेलंच असतं, आणि खाली फरशी ओली. म्हणून आमच्याकडे रॅकच्या प्रत्येक टोकाला थांबायचं, हॉर्न द्यायचा आणि मगच पुढे, असा नियम केलाय. सुरुवातीला सगळे कुरकुरले, आता सवय झाली.

या मशीनमधली सगळ्यात भारी गोष्ट कुठली विचाराल तर मी सीटखालचा स्विच सांगेन. माणूस सीटवरून उठला की मशीन थांबतं. एवढंच. आणि त्याच स्विचची आमच्याकडे वाट लावली गेली, ते नीट सांगते.

सात-आठ महिन्यांनी काय व्हायला लागलं, फरशीच्या जॉइंटवरून जाताना जरा हिसका बसला की मशीन बंद पडायचं. आमच्यातली एक ताई अंगाने बारीक आहे, तिला तर दर दहा मिनिटांनी हा त्रास. आम्ही सर्व्हिसवाल्यांना बोलावलं, मेकॅनिक आला, सीट उचलली, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, 'आता नाही बंद पडणार मॅडम.' खरंच नाही पडलं. सगळे खूश, मी पण खूश, सही करून दिली. दोन आठवड्यांच्या आतच स्ट्रेच फिल्मचा, म्हणजे माल गुंडाळायच्या प्लास्टिकचा तुकडा ब्रशमध्ये अडकला, आमचे काका, जे सगळ्यात सीनियर, ते सीटवरून अर्धे उठून बाजूला वाकून हाताने ओढायला गेले आणि पाय पेडलवर पडला. मशीन पुढे गेलं. थेट माल रचायच्या पॅलेटवर. काकांनी हात वेळेवर काढला म्हणून बोटं वाचली, ब्रशचं कव्हर मात्र आत दबलं. मी सीट उचलून बघितली तर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वरून टेप मारलेली. म्हणजे स्विच नावालाच होता. मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही, कारण त्या कामावर सही माझी होती. नंतर दुसऱ्या माणसाकडून नवीन स्विच बसवून घेतला, अगदी लहानसा पार्ट, आणि हिसक्याला बंद पडायचा त्रासही गेला, म्हणजे दुरुस्ती करणं सहज शक्य होतं, त्याने फक्त केली नाही.

तेव्हापासून शिफ्ट सुरू होताना रोजचं ठरलंय, मशीन मोकळ्या जागेत घ्यायचं, समोर कुणी नाही बघायचं, अगदी हळू चालवायचं आणि सीटवरून जरा उठायचं. थांबलं तर कामाला न्यायचं, नाही थांबलं तर किल्ली माझ्याकडे. लाल इमर्जन्सी बटण, हॉर्न, ब्रेक पण त्यातच बघून होतो, दोन मिनिटं जातात. आणि काहीही अडकलं तरी आधी किल्ली काढायची, खाली उतरायचं, मग हात घालायचा.

उताराबद्दल मॅन्युअलमध्ये आमच्या मशीनसाठी १० टक्के लिहिलंय, म्हणजे १० मीटर लांबीला १ मीटर चढ, त्याच्या वर नाही. रॅम्पवर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, मध्ये वळवायचं नाही आणि उभं तर अजिबात करायचं नाही. वळवलं की टाकीतलं पाणी एका बाजूला जातं आणि मशीन कलायला लागतं. अजून एक, बंद मशीन ढकलता यावं म्हणून ब्रेक सोडायचा एक खटका असतो, तो उतारावर ओढला तर ब्रेक राहतच नाही, मग अर्धा टन कोण धरणार?

मशीन निघून गेल्यावरचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. जोरात वळण घेतलं की स्क्वीजी बाहेरच्या बाजूने पाणी सोडते आणि नेमकं कॉर्नरला, जिथे माणसं वळतात, तिथे पट्टा ओला राहतो. रबर झिजलं असेल तर सगळीकडेच रेघा. आमचं रबर चारही कडांनी वापरता येतं, एक कड झिजली की उलटं करून लावायचं, पण हे आम्हाला विकणाऱ्यांनी सांगितलंच नाही, मॅन्युअलमध्ये सापडलं.

चार्जिंगचं तर बहुतेक जण फारच हलक्यात घेतात. आमच्या लेड ॲसिड बॅटऱ्या आहेत, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून चार्जिंग चालू असताना बॅटऱ्यांच्या कप्प्याचं वरचं झाकण उघडं ठेवायचं, खोलीत हवा खेळती पाहिजे, आणि तिथे पुठ्ठे रचायचे नाहीत, जे आमच्याकडे आधी छताला टेकलेले होते. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं. बॅटरीच्या आतल्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घालायचं. गॉगल आणि ग्लोव्हजशिवाय कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

केमिकल फेस न होणारंच वापरा, फेस व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये गेला की मोटर गेली. ब्लीच आणि ॲसिडवालं क्लीनर एका टाकीत कधीच नाही, क्लोरीन गॅस होतो. आणि थिनर, पेट्रोल असलं काही सांडलं तर हे मशीन तिकडे न्यायचंच नाही, व्हॅक्यूमच्या मोटरची ठिणगी त्या वाफेला पुरते.

डिलिव्हरीनंतरच्या ट्रेनिंगवर मात्र मी नाराज आहे आणि स्पष्ट लिहिते. अर्धा तास. हे पुढे, हे मागे, हा हॉर्न, इथे सही करा. रॅम्प नाही, बॅटरी नाही, सीटच्या स्विचचं नावही नाही. शेवटी मीच मॅन्युअल घेऊन बसले, आणि आता नवीन माणूस तीन दिवस काकांच्या सोबत फिरतो, मग रिकाम्या जागेत चालवतो आणि त्यानंतरच त्याला गर्दीच्या भागात सोडते.

तर मशीन घ्या, पैसे वसूल होतात. घेताना आयईसी ६०३३५-२-७२ प्रमाणे आहे का ते लेखी विचारा, अशा मशीनसाठीचं सेफ्टी स्टँडर्ड तेच आहे, आणि ट्रेनिंग किती तासांचं, कोण देणार, रात्रपाळीच्या लोकांना पण देणार का, हे ऑर्डरवर लिहून घ्या. पुढच्या महिन्यात आमचं दुसरं मशीन येतंय. त्याची डिलिव्हरी घेताना मी आधी सीट उचलून त्या दोन वायरी बघणार आहे.