अंबाड्याचे आकडे, जाळी आणि रानडे रोडवरचं कटलरीचं दुकान

फोर्टमध्ये विम्याच्या ऑफिसात क्लेम बघतो. केस खांद्याखाली आलेत आणि कापायचे नाहीत. महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढणारी गोष्ट आहे ही, एका दुपारी न्हाव्याच्या हवाली कशी करायची? पण समोर फाईल घेऊन बसलेल्या माणसाचं लक्ष त्याच्या कागदांवर राहावं, हेही मला मनापासून वाटतं. म्हणून अंबाडा, तोही मानेलगत, कॉलरच्या जरा वर. समोरून बघणाऱ्याला केस बारीक कापल्यासारखेच दिसतात.

‘खास पुरुषांसाठी’ म्हणून मिळणारं केस बसवायचं वॅक्स मुंबईच्या दमटपणात टिकत नाही. लोकलमध्ये लोअर परळ येईपर्यंत कपाळावर उतरतं. खरं सामान दादर पश्चिमेला, रानडे रोडवरच्या एका छोट्या कटलरीच्या दुकानात मिळालं. गल्ल्यावरच्या काकूंनी विचारलं, “वहिनींचे केस दाट आहेत का?” माझ्यासाठीच हवंय म्हटल्यावर त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, केसांचा अंदाज घेतला आणि गुळगुळीत आकडे बाजूला सारून नागमोडी काढले. “हे घ्या दादा, सरळ केसांतून ते दुसरे सुटतात.” अगदी खरं निघालं.

आकडा खोचायची रीतही त्यांनीच दाखवली. टोक आधी बाहेरच्या दिशेला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडायचे, मग आकडा उलटा फिरवून डोक्यालगत आत सरकवायचा. चार आकडे पुरतात. सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये कितीही रेटारेटी झाली तरी अंबाडा जागचा हलत नाही.

काळी जाळी बारीक विणीची आहे, काळ्या केसांवर दिसतच नाही आणि मानेवरचे भुरभुरणारे केस आवरते. मात्र घड्याळाच्या पट्ट्यात अडकते, लवकर फाटते. दोन घेऊन ठेवा. रबर कापडी गुंडाळीचं, धातूचा जोड नसलेलंच मागा, त्या जोडात केस तुटतात. आकड्यांच्या टोकांवरचे काळे थेंब काही दिवसांनी निघतात आणि मग टाळूला टोचतं. तसा आकडा सरळ फेकून द्यावा.

एक कळकळीनं सांगतो. ओले केस बांधून निघू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि पावसाळ्यात आतला ओलावा संध्याकाळपर्यंत वाळत नाही, वास येतो. रोज त्याच जागी घट्ट ओढून बांधलं तर कपाळावरची केसांची रेषा मागे हटते. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, आणि फार काळ चाललं तर ते केस परत येत नाहीत. घरी पोचलो की मी आधी आकडे काढतो, मग बूट.

सगळं मिळून शंभराच्या आत आलं. रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आडवारी दुपारी गेलात तर काकू निवांत दाखवतात.