शिबिर, आविष्कार की उन्हाळी संशोधन? ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांसाठी एक तुलना

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर पाच-सहा परिपत्रके एकावर एक लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी, आविष्कार संशोधन स्पर्धेची महाविद्यालयीन फेरी, युवा महोत्सवाची निवड आणि स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे अभ्यासक्रम त्यांत असतातच. एखाद्या वर्षी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचा कागदही असतो. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी नाव देऊन मोकळा होतो आणि संक्रांतीपर्यंत त्यांतले एकही काम धड पूर्ण झालेले नसते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही होतो. या अर्धवट राहण्यामागे आळसापेक्षा तारखांचा हिशेब न करणे हे कारण मला अधिक वेळा दिसले आहे.

हा हिशेब विद्यापीठाच्या दिनदर्शिकेइतकाच शेतीच्या हंगामाचाही असतो. आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी एकदा सुरू झाली की जानेवारीपर्यंत घरातले प्रत्येक माणूस वावरात लागते. त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी असते. पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात नोव्हेंबर कापणी-मळणीत जातो, तर गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि मे तेंदूपत्त्याचा असतो. त्यामुळे पुढील तुलनेत प्रत्येक उपक्रमाच्या बाबतीत तीन गोष्टी पाहिल्या आहेत: तो कोणत्या हंगामात येतो, खिशातून काय जाते आणि शेवटी पदरात काय पडते.

हिवाळ्यातील खरी निवड सेवा योजनेचे विशेष शिबिर आणि आविष्कार या दोहोंत असते. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120 तास, नियमित काम करावयाचे आणि त्याखेरीज दत्तक गावात सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहावयाचे, अशी तिची रचना आहे. आविष्कार ही राज्यातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी 2006 पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने होणारी संशोधन स्पर्धा आहे. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्या चढत जाताना आधी भित्तिपत्रक किंवा प्रतिकृती मांडावी लागते आणि निवड झाल्यास परीक्षकांसमोर तोंडी सादरीकरण करावे लागते.

खर्चाच्या बाबतीत शिबिर सरळ सोयीचे आहे. राहणे-जेवणे योजनेतून होते, दत्तक गाव जवळच असते आणि विद्यार्थ्याला अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी आणि जुने बूट एवढेच न्यावे लागते. आविष्कारमध्ये मात्र खर्चाला सुरुवात कागदापासून होते. तालुक्याच्या ठिकाणी मोठे भित्तिपत्रक छापून देणारा माणूस म्हणजे बहुधा वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे बॅनर छापणारा फ्लेक्सवाला असतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आलेखाच्या मागे त्याने हौसेने सूर्योदयाचे चित्र टाकले होते आणि ते काढून घेण्यासाठी स्पर्धेच्या आदल्या रात्री नऊ वाजेपर्यंत दुकानात बसावे लागले. एसटीचा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर चालतो, म्हणून जिल्ह्याच्या फेरीला जाताना पूर्ण तिकीट काढावे लागते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाल्याने मुलींचा हा भार निम्म्यावर आला, तरी फेरी संपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असणे हा प्रश्न उरतोच. मुलीला स्पर्धेला पाठवावयाचे असेल, तर मुक्कामाची सोय आणि सोबत येणाऱ्या मॅडमचे नाव पालकांना आधी सांगावे. नंतर होणारी अर्धी ओढाताण त्याने टळते.

पदरात पडणारी गोष्ट मात्र दोन्हीकडे वेगळी आहे, आणि माझ्या मते निवड याच मुद्द्यावर व्हावी. आमच्या त्या विद्यार्थिनीने सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर, धिंगरी अळिंबी (मशरूम) घेतली होती. पिशव्या घरच्या न्हाणीघरात टांगलेल्या, ओलावा टिकवण्यासाठी भोवती गोणपाट, आणि रोज किती ग्रॅम निघाली याची वहीत नोंद, असे साधे पण प्रामाणिक काम होते. परीक्षकांनी भित्तिपत्रक पूर्ण वाचले आणि एवढेच विचारले, “गव्हाच्या काडावर हीच अळिंबी किती आली असती?” तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण तुलनेसाठी दुसऱ्या पिशव्या लावल्याच नव्हत्या. ती त्या फेरीत बाद झाली. परंतु पुढच्या वर्षी न्हाणीघरात बारा पिशव्या होत्या, सहा कुटाराच्या आणि सहा काडाच्या. चार वर्षे प्रात्यक्षिकांच्या वहीत ‘नियंत्रित नमुना’ हा शब्द लिहूनही जे डोक्यात शिरत नाही, ते परक्या माणसाच्या एका प्रश्नाने शिरते. ज्याला पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करावयाचे आहे, त्याने म्हणून आविष्कारलाच पसंती द्यावी.

शिबिरात अशी धार लागत नाही, तिथे ओळख होते. ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या रेतीने भरून वनराई बंधारा घालताना पिशवी किती भरायची, तोंड कसे शिवायचे आणि सांधे एकावर एक येऊ न देता थर कसे रचायचे, हे गावातला एखादा म्हातारा शिकवतो. सरांना ते येत असतेच असे नाही. दुपारच्या बौद्धिक सत्रात मुले पेंगतात, हे मान्य करावे. संध्याकाळी घरोघरी सर्वेक्षणाला गेल्यावर मात्र तीच मुले पीकविम्याचा अर्ज का नामंजूर झाला, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तुटते, असे प्रश्न स्वतःहून विचारू लागतात. स्पर्धा परीक्षा, समाजकार्य, पत्रकारिता किंवा पंचायतीशी संबंधित कामाकडे वळू पाहणाऱ्याला हे सात दिवस अधिक उपयोगी आहेत. नव्या श्रेयांक रचनेत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना स्थान मिळाल्याने शिबिर म्हणजे अभ्यास बुडवणे, हा पालकांचा जुना आक्षेपही थोडा सौम्य झाला आहे.

हंगामाच्या दृष्टीने दोन्ही उपक्रम वेचणीतच येतात, परंतु त्यांची मागणी सारखी नाही. शिबिर सलग सात दिवस मागते आणि ते पुढे-मागे करता येत नाहीत. आविष्कारचे काम ऑगस्टपासून तुकड्यातुकड्याने करता येते आणि प्रत्यक्ष फेऱ्यांना एकेक दिवस पुरतो. ज्याच्या घरी मजूर लावण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी सात दिवसांची मजुरी हा शिबिराचा न दिसणारा खर्च आहे, आणि शिक्षकांनी तो हिशेबात धरला पाहिजे. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभव अभ्यासक्रमातच मिळतो, आणि 1969 साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. कला-विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी अशी सक्तीची वाट नाही, म्हणून त्याला ही निवड स्वतः करावी लागते.

युवा महोत्सवाबद्दल थोडक्यातच सांगतो. ज्याच्या अंगात नाटक, दंडारीसारखे लोकनाट्य किंवा गाणे आहे त्याला विचारावे लागत नाही आणि ज्याच्या अंगात नाही त्याने केवळ प्रमाणपत्रासाठी समूहगीताच्या शेवटच्या ओळीत उभे राहू नये. राज्यपातळीवरचा इंद्रधनुष्य महोत्सव गाठणारे विद्यार्थी थोडे असतात, पण गाठतात ते बहुधा गावच्या भजनी मंडळात घासून तयार झालेले असतात.

उन्हाळ्यातील निवड अधिक अवघड आहे, कारण तेथील दोन्ही वाटा आमच्या विद्यार्थ्यांना जवळजवळ ठाऊकच नसतात. पहिली वाट विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ती चालवतात. निवड झालेल्याला देशातील एखाद्या प्रयोगशाळेत तेथील शास्त्रज्ञाच्या हाताखाली सुमारे दोन महिने काम करता येते, विद्यावेतन व रेल्वेभाडे मिळते, आणि विशेष म्हणजे विद्यार्थ्यांप्रमाणेच शिक्षकांनाही अर्ज करता येतो. अर्ज आदल्या हिवाळ्यातच ऑनलाइन भरावा लागतो व त्यासोबत काय करावयाचे आहे याचे छोटे टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. दुसरी वाट आपल्याच भागातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला, बाबा आमट्यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पावर, दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. शिवाय डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ या युवकांसाठीच्या उपक्रमाची शिबिरे गडचिरोलीजवळच्या शोधग्रामला होतात.

या तिघांत प्रवेशाची अडचण सर्वांत कमी सोमनाथला आहे. तेथे गुणपत्रिकेपेक्षा तब्येत महत्त्वाची. मे महिन्यातले चंद्रपूर काय असते हे वाचकांना सांगायला नको. काम पहाटे उरकून घ्यावे लागते. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुलांबरोबर टोपली उचलताना, पुण्या-मुंबईच्या मुलांना आपण इंग्रजीत हरतो पण कुदळीत जिंकतो, हे आमच्या मुलांच्या लक्षात येते आणि परतताना त्यांची मान थोडी ताठ झालेली असते. मात्र तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन याच दिवसांत असतो. ज्या घराची वर्षाची रोकड त्या दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून आहे, त्या घरच्या मुलाला छावणीचा आग्रह धरणे मला पटत नाही. त्याचे श्रमसंस्कार पहाटे चारपासून जंगलात चालूच असतात. ‘निर्माण’ची शिबिरे टप्प्याटप्प्याने होतात आणि निवड अर्जातील प्रश्नांच्या उत्तरांवरून व मुलाखतीवरून होते. पुढे आयुष्यात काय करावे, या प्रश्नाने ज्याला खरोखर त्रास होतो आहे, त्याने तो अर्ज भरावा. इतरांना ते प्रश्नच कंटाळवाणे वाटतील.

अकादमींची शिष्यवृत्ती मिळणे कठीण आहे, हे खरे, आणि जूनमध्ये पेरणीच्या वेळी मुलगा घरी नसतो हेही खरे. तरीही बीएस्सीच्या चांगल्या विद्यार्थ्याला यांपैकी एकच उन्हाळा निवडायचा असेल, तर मी शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरायला सांगेन आणि ती न मिळाल्यास छावणीला जाण्याचा सल्ला देईन, कारण छावणी पुढल्या वर्षीही असते. अर्ज नामंजूर झाला तरी लिहिलेले टिपण वाया जात नाही. तेच टिपण थोडे सुधारून नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील एखाद्या शास्त्रज्ञाला पाठवून प्रकल्पासाठी विचारता येते.

स्वयम् पोर्टल 2017 मध्ये सुरू झाले आणि हंगामाच्या कसोटीवर ते सर्वांत सोयीचे वाटते, कारण व्याख्यान रात्री जेवणानंतरही ऐकता येते. त्यावरील एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना 25 टक्के आणि परीक्षेला 75 टक्के भार असतो; शिकणे निःशुल्क असले, तरी परीक्षेचे शुल्क भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. आमच्याकडे नावे नोंदवणारे पुष्कळ, परीक्षेला बसणारे मोजके. वीज आणि नेटवर्क हे सांगण्याचे कारण आहे. खरे कारण एकट्याने बारा आठवडे टिकून राहणे जमत नाही, हे आहे. तिघा-चौघांनी मिळून एकच अभ्यासक्रम घेतला आणि दर शनिवारी ग्रंथालयात बसून स्वाध्याय सोडवला, तर गळती कमी होते, असे मी दोन तुकड्यांत पाहिले आहे.

प्राध्यापकांचा हिशेब वेगळा आहे, कारण त्यांच्या निवडीवर पदोन्नतीची सावली असते. पदोन्नतीसाठी लागणाऱ्या उद्बोधन आणि उजळणी या प्रशिक्षण वर्गांसाठी विदर्भात नागपूर व अमरावती विद्यापीठांची केंद्रे आहेत, आता ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. वर्ग ऑनलाइन झाल्यापासून रजा आणि लॉजचा खर्च वाचला, पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर दुसऱ्या महाविद्यालयातील सहकाऱ्याकडून मिळणारी माहिती गेली. कोणत्या वाणाचे बी कुठे मिळते, कोणाच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक आहे, हे मला तिथेच कळले होते. म्हणून दोन पर्याय समोर असतील, तर किमान एक वर्ग प्रत्यक्ष जाऊन करावा, असे मी सुचवेन. शेवटी अभिप्राय अर्ज भरला की प्रमाणपत्र पाठवणाऱ्या आठवड्याभराच्या ऑनलाइन कार्यशाळांवर वेळ घालवू नये.

कार्यक्रम अधिकारी होण्याबाबत नव्या सहकाऱ्यांना मी होकारच देतो, पण दोन गोष्टी सांगून. एक म्हणजे शिबिराचे अनुदान हाती येण्याआधी किराणा आणावा लागतो. एका वर्षी माझे पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत अडकले होते, तेव्हा गावातील दुकानदाराशी उधारीचे आधीच बोलून ठेवावे. दुसरे म्हणजे शिबिरातले सर्वेक्षण कपाटात न टाकता त्यावर विद्यार्थ्यांकडून आविष्कारसाठी विषय काढून घ्यावा. उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणाऱ्या उन्नत भारत अभियानात असलेल्या संस्थेने किमान पाच गावे निवडलेली असतात. तीच गावे शिबिरासाठी घेतल्यास एकाच माहितीवर तिन्ही कामे होतात.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये सुरू झाल्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांचे नागपूरचे हेलपाटे कमी झाले, तरी सिरोंच्याहून गडचिरोली हेच सुमारे 200 किलोमीटर आहे. तिकडच्या विद्यार्थ्याने प्रवासाच्या दोन दिवसांचा हिशेब प्रत्येक उपक्रमात वेगळा धरावा. आणि अकादमींच्या अर्जासाठी शिफारसपत्र हवे असेल, त्याने सरांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठावे; सुट्टीनंतर सरही वावरातच सापडतात.