फुरिकाके मिक्स: मंद ओव्हन, तेज ओव्हन की आधी उकळलेला पाक?

हवाई बेटांवर नाताळच्या दिवसांत मोठमोठे ट्रे भरून केलं जाणारं फुरिकाके मिक्स म्हणजे दोन घराण्यांचं लग्न आहे. एका बाजूला अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं चेक्स मिक्स, म्हणजे चेक्स नावाचं जाळीदार सीरियल, प्रेत्झेल (गव्हाची खारट, कुरकुरीत बिस्किटं) आणि दाणे ओव्हनमध्ये भाजून केलेलं मिश्रण. दुसऱ्या बाजूला जपानी स्थलांतरितांनी हवाईत रुजवलेल्या चवी. 1885 पासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी आलेल्या जपानी कुटुंबांमुळे सोया सॉस, नोरी (समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद) आणि चिकट तांदळाचे कुरकुरीत आरारे तिथल्या स्वयंपाकघरात रोजचे झाले. हवाईत आरारेला काकिमोची किंवा मोची क्रंच म्हणतात.

फुरिकाके हा जपानमध्ये भातावर भुरभुरायचा कोरडा मसाला आहे. त्यात भाजलेले तीळ, नोरीचे तुकडे, मीठ, साखर आणि पुष्कळदा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचा भुगा असतो. गोड पाकावर हा मसाला बसला की गोड, खारट आणि उमामी (रश्शासारखी भरीव चव) अशा तिन्ही चवी एकाच घासात येतात.

करायला बसल्यावर मात्र तीन रस्ते समोर येतात, आणि बहुतेकांची पहिली खेप बिघडते ती दोन रस्त्यांची सरमिसळ केल्यामुळे. एका कृतीतला पाक घ्यायचा आणि दुसऱ्या कृतीतलं तापमान लावायचं, हे इथे चालत नाही. कारण सोपं आहे: पाकात पाणी किती आहे यावर भाजणीचा वेळ ठरतो.

तिन्ही प्रकारांसाठी कोरडं मिश्रण सारखंच धरू: तांदळाचं आणि मक्याचं चेक्स मिळून 250 ग्रॅम, छोटे प्रेत्झेल 100 ग्रॅम, आरारे 100 ग्रॅम, भाजलेले बिनमिठाचे दाणे 50 ग्रॅम. एकूण अर्धा किलो. यासाठी दोन मोठे ट्रे लागतात. एकाच ट्रेमध्ये चार सेंटिमीटरपेक्षा जाड थर झाला तर तळातली वाफ अडकते आणि मधला भाग कितीही वेळ ठेवला तरी मऊच राहतो.

| | मंद ओव्हन | तेज ओव्हन | उकळलेला पाक |
|---|---|---|---|
| तापमान | 120 अंश से. | 150 अंश से. | 120 अंश से. |
| ओव्हनमधला वेळ | 60 मिनिटं | 20 ते 25 मिनिटं | 45 मिनिटं |
| किती वेळाने हलवायचं | दर 15 मिनिटांनी | दर 6–7 मिनिटांनी | दर 15 मिनिटांनी |
| गोडी | मध्यम | कमी | जास्त |
| पोत | पातळ, चकचकीत, सुटं | कोरडं, खारं | जाड थर, गठ्ठे |
| चुकीला माफी | भरपूर | जवळपास नाही | थोडी |

मंद ओव्हन

हवाईतल्या घरगुती कृती मुख्यतः याच वळणाच्या आहेत. पाकाचं प्रमाण: बिनमिठाचं बटर 60 ग्रॅम, वास नसलेलं तेल 40 ग्रॅम, कॉर्न सिरप 75 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम, सोया सॉस 15 मिलिलिटर. फुरिकाके 25 ते 30 ग्रॅम.

बटर, तेल, साखर आणि सिरप मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. खळखळून उकळी आणायची नाही. उतरवल्यावर सोया सॉस घालायचा, नाहीतर तो गरम पाकात तडतडतो आणि त्याचा वासही उडून जातो. तेल आणि पाक काही क्षणांत वेगळे होतात, त्यामुळे ओतण्याच्या क्षणापर्यंत फेटत राहायचं आणि एकाच जागी न ओतता फिरवत ओतायचं. हे टाळलं तर एका कोपऱ्यात तेलकट चेक्स आणि दुसऱ्या कोपऱ्यात साखरेचा गोळा मिळतो.

आता पाण्याचा हिशेब. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, कॉर्न सिरपमध्ये पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि सोया सॉसचा तर मोठा भाग पाणीच. या प्रमाणात सगळं मिळून 35 ते 40 ग्रॅम पाणी कोरड्या सीरियलवर पडतं आणि चेक्स ते लगेच शोषून घेतं. ओव्हनमधला तासभर हे पाणी बाहेर काढण्यासाठी आहे. रंग आणणं हे दुय्यम काम. म्हणूनच चाळीस मिनिटांनी रंग छान दिसला म्हणून ट्रे काढणं ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. असं मिक्स त्या संध्याकाळी बरं लागतं आणि सकाळी सादळलेलं असतं.

हलवताना ट्रेचे कोपरे आणि तळ खरवडून मधे आणायचा, मधलं कडेला न्यायचं. काळ्या पातळ ट्रेमध्ये तळ लवकर लाल होतो, तिथे 110 अंशांवर ठेवून दहा मिनिटं वाढवणं बरं. पंखा असलेल्या ओव्हनमध्येही तापमान दहा अंशांनी कमी करावं.

तेज ओव्हन

ज्यांना गोडी नावापुरती हवी आहे आणि तासभर ओव्हन अडकवून ठेवायचा नाही, त्यांच्यासाठी हा रस्ता खरोखर चांगला आहे, पण त्याचा पाक वेगळा. तेल 70 ग्रॅम, कॉर्न सिरप 40 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, सोया सॉस 15 मिलिलिटर. बटर नाही, कारण त्यातला दुधाचा घन भाग 150 अंशांवर पटकन करपतो. तेलात साखर विरघळत नाही, म्हणून आधी सिरप, सोया सॉस आणि साखर कोमट करून एकजीव करायची आणि मग तेल घालून फेटायचं.

इथे पाणी जेमतेम वीस ग्रॅमच्या घरात आहे, म्हणून पंचवीस मिनिटं पुरतात. मंद ओव्हनचा पाक घेऊन तो 150 अंशांवर ठेवला, तर बाहेरची साखर करपते आणि आतलं पाणी तसंच राहतं. कडवट आणि तरीही मऊ, असा दुहेरी तोटा.

सर्वात आधी आरारे करपतात. त्यांच्यावर मुळातच सोया सॉसचा थर असतो आणि ते एकदा भाजलेले असतात. ते शेवटच्या आठ मिनिटांसाठी घालावेत. अठरा मिनिटांनंतर ओव्हनसमोरून हलू नये. शेवटच्या तीन-चार मिनिटांत सोनेरीचं काळपट होतं.

उकळलेला पाक

ही कॅरेमल पॉपकॉर्नची पद्धत. बटर 80 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम, कॉर्न सिरप 60 ग्रॅम एकत्र उकळायचं आणि उकळी आल्यापासून साधारण पाच मिनिटं न ढवळता ठेवायचं. थर्मामीटर असेल तर 120 ते 125 अंश. थंड पाण्यात थेंब टाकला तर बोटांत त्याची घट्ट गोळी वळते. आच बंद करून सोया सॉस 15 मिलिलिटर धारेने आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालायचा. पाक एकदम फसफसून वर येतो, म्हणून पातेलं पाकाच्या तिप्पट मोठं हवं आणि चमचा लांब दांड्याचा.

सोडा वगळू नये. त्याने सुटणाऱ्या वायूमुळे पाकात बारीक बुडबुडे अडकतात आणि थर दाताखाली सहज फुटतो. सोड्याशिवाय तोच थर काचेसारखा कडक होतो आणि दाढेला चिकटून बसतो.

पाकातलं बरंचसं पाणी इथे चुलीवरच उडालेलं असतं. मग ओव्हनमध्ये पाऊण तास कशाला? घट्ट पाक ओतताक्षणी सगळ्या दाण्यांवर पसरत नाही. ओव्हनच्या उष्णतेने तो पुन्हा सैल होतो आणि प्रत्येक वेळी हलवताना थोडा थोडा पसरतो. गठ्ठे हवे असतील तर शेवटचं हलवणं टाळायचं आणि ट्रेमध्येच थंड होऊ द्यायचं.

चव देखणी आहे, मिठाईकडे झुकणारी. पण नोरीची नाजूक चव कॅरेमलखाली दबते. फुरिकाके हाच ज्यांच्यासाठी मुख्य मुद्दा आहे त्यांनी हा प्रकार निवडू नये.

पहिल्यांदा करणाऱ्याने मंद ओव्हनच घ्यावा. चव सर्वात समतोल तिथेच साधते, आणि पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही. आजच संध्याकाळी खाऊन संपवायचं असेल तर मात्र या तिन्हींची गरज नाही. हवाईतलाच हरिकेन पॉपकॉर्न करा: गरम लाह्या, वितळलेलं बटर, फुरिकाके आणि मूठभर आरारे. भाजायचं काही नाही, आणि उरवायचंही काही नाही, कारण तासाभरात ते मऊ पडतं.

कॉर्न सिरप, मध की नुसती साखर

कॉर्न सिरपमुळे पाकात साखरेचे खडे धरत नाहीत, थर नितळ राहतो. नुसती साखर वापरली तर दुसऱ्या दिवशी थर रवाळ आणि पांढुरका होतो. चव बिघडत नाही, पण कुरकुरीतपणाची जात बदलते. मधाची चव सोया सॉसशी फार छान जमते, मात्र त्यातलं फ्रुक्टोज लवकर लाल होतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. मध वापरायचा तर 110 अंशांवर 75 मिनिटं भाजावं आणि आठवड्याच्या आत संपवावं. उकळलेल्या पाकात मध नकोच.

मसाला कोणता, आणि कधी

फुरिकाकेच्या बाटल्यांवर बरीच नावं असतात. नोरी कोमी प्रकारात तीळ आणि नोरी यांचा भर असतो आणि या मिक्ससाठी तोच सर्वात सरळ. कात्सुओ प्रकारात मासा असतो. तोही चांगला लागतो, कारण नोरीतलं ग्लुटामेट आणि बोनिटोतलं इनोसिनेट एकत्र आले की उमामी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त जाणवतं. पण माशाचा वास भाजताना उग्र होतो, म्हणून तो मसाला ओव्हनबाहेरच घालावा. नोरीतामात अंडं असतं. वासाबी फुरिकाके भाजण्यात अर्थ नाही, कारण वासाबीचा तिखटपणा उडून जाणारा आहे आणि तासाभराच्या उष्णतेत तो टिकत नाही.

शाकाहारी माणसाने लेबल वाचल्याशिवाय फुरिकाके घेऊ नये. पुढे नोरीचं चित्र असलं तरी मागे बोनिटोचा अर्क लिहिलेला असू शकतो. घरी करणंही अवघड नाही: भाजलेले तीळ 20 ग्रॅम, नोरीचे 2 पूर्ण कागद कात्रीने बारीक कापून, मीठ 4 ग्रॅम, साखर 4 ग्रॅम. माशामुळे येणारी खोली हवी असेल तर वाळवलेल्या शिताके मशरूमची पूड 2 ग्रॅम. शिताकेतलं ग्वानिलेट इनोसिनेटसारखंच काम करतं. नोरी आधी कोरड्या तव्यावर काही सेकंद गरम करून घेतली तर नीट चुरडते.

शिचिमी तोगाराशी हा दुसरा पर्याय. लाल मिरची, सान्शो मिरी, वाळवलेली संत्र्याची साल, तीळ, नोरी असा सात जिनसांचा हा तिखट मसाला. फुरिकाके जितकं घालतो तितकं शिचिमी घातलं तर मिक्स तोंडात धरवणार नाही. अर्ध्या किलोला दोन छोटे चमचे पुरतात. शिवाय शिचिमीत साधारणपणे मीठ नसतं, त्यामुळे तीन ग्रॅम बारीक मीठ वेगळं घालावं लागतं. सर्वात चांगला जोड म्हणजे नोरी कोमी 25 ग्रॅम आणि शिचिमी एक छोटा चमचा.

वेळेचं गणित पद्धतीनुसार बदलतं. मंद ओव्हनमध्ये अर्धा नोरी कोमी पाक चोळतानाच घालावा, म्हणजे तो थरात बसतो, आणि उरलेला ट्रे बाहेर काढल्याबरोबर. तेज ओव्हनमध्ये सगळा मसाला शेवटीच, कारण 150 अंशांवर नोरी तपकिरी आणि कडवट होते आणि आधीच भाजलेले तीळ पुन्हा भाजून जळकट लागतात. उकळलेल्या पाकावरही शेवटीच, पण घाईने. दोन-तीन मिनिटांत थर कडक होतो आणि मग मसाला घसरून ट्रेच्या तळाशी जमा होतो. मोजून वाटीत काढून ठेवलेला असावा.

ग्लूटेन टाळणाऱ्यांनी चार जागा तपासाव्यात. तांदळाचं आणि मक्याचं चेक्स चालतं, गव्हाचं नाही. प्रेत्झेल गव्हाचे. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, त्याऐवजी गहू नसलेली तामारी घ्यावी. आरारे चिकट तांदळाचे असले तरी त्यांच्यावरचा थर सोया सॉसचा असतो, म्हणून तिथेही लेबल पाहावं.

झालं की नाही, आणि बिघडलं तर

ओव्हनमधून काढलेलं मिक्स गरम असताना मऊच लागतं, कारण साखरेचा थर थंड झाल्यावर कडक होतो. त्यामुळे गरम घास घेऊन निर्णय करू नये. चमचाभर बशीत काढून पाच मिनिटं थांबावं आणि चेक्सचा तुकडा मोडून बघावा. टक् असा आवाज आला तर झालं. वाकला तर आणखी दहा मिनिटं.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. कोमट मिक्सची वाफ झाकणाला धरते आणि तासाभरात सगळी मेहनत पाण्यात जाते. दोन ट्रेवर पातळ पसरून कमीत कमी एक तास ठेवावं. हवा दमट असेल तर मात्र गार होताच भरावं, रात्रभर उघडं राहू देऊ नये. हवाबंद डब्यात मंद ओव्हनचं मिक्स दोन आठवडे चांगलं राहतं.

तरीही सादळलं, तर 120 अंशांवर दहा ते पंधरा मिनिटं पुन्हा भाजावं. मंद ओव्हनचं मिक्स असं हमखास सुधारतं. दुसऱ्या भाजणीत नोरीचा वास कमी होतो, आणि वरून कोरडं फुरिकाके भुरभुरलं तर ते चिकटत नाही. अशा वेळी छोटा चमचाभर सिरप छोट्या चमचाभर गरम तेलात फेटून मिक्सवर शिंपडावं, हलवावं, त्यावर मसाला घालावा आणि शेवटची पाच मिनिटं ट्रे ओव्हनमध्ये परत ठेवावा.